मावशीच्या व्हॉल्वची मूठ

आमच्या घरात एकही नळ त्याच्या जन्मजात मुठीनिशी उरलेला नाही. न्हाणीघरातल्या नळाला सायकलच्या ब्रेकची दांडी आहे, बेसिनच्या नळाला जुन्या कुकरच्या झाकणाची मूठ आहे, आणि स्वयंपाकघरातल्या नळावर मी एकदा अशी काही करामत केली होती, की तो उघडायला कोपर लागायचं आणि बंद करायला हनुवटी. पाहुणे आले की बायको आधीच सांगून टाकते, "पाणी लागलं तर हाक मारा, नळाला हात लावू नका. आमच्याकडचे नळ फक्त यांनाच ओळखतात."

पाहुण्यांना वाटतं ती गंमत करतेय. मग त्यांच्यातला एखादा शहाणा हात लावतो आणि भिजतो.

वीस वर्षं मी पालघरकडच्या एका कारखान्यात लेथवर पितळी नळ काढले. लाखभर तरी काढले असतील, मोजायला कोण बसलंय. त्या सगळ्या नळांची मूठ एकाच मापाची. ते माप कुणाच्या हाताचं, असं मी एकदा सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, "ड्रॉइंगच्या हाताचं." मला ते मनातून खटकलं. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हात काय एकसारखे असतात? कोयत्यानं दोन पेरं गेलेला हात असतो, भट्टीवर विटा उचलून फुगलेला असतो, चिखलणीत सुजलेला असतो, म्हातारपणानं वाकडा झालेला असतो. त्या सगळ्यांनी एकाच ड्रॉइंगच्या हातासारखं वागायचं? तेव्हा नळाची आणि व्हॉल्वची मूठ अशी हवी, की जिचं लहान-मोठं, वर-खाली, पुढं-मागं करता येईल. ज्याचा जसा हात, तशी त्याची मूठ.

हा विचार थोर होता यात शंका नाही. अडचण एवढीच, की तो माझ्या डोक्यात आला.

कारखाना सोडून मी जव्हारला परतलो, स्टँडच्या मागच्या गल्लीत एक जुनी लेथ बसवली आणि नळ, व्हॉल्व, पंप दुरुस्तीचं दुकान थाटलं. फळ्यावर हौसेनं लिहिलं : 'तुमच्या हाताप्रमाणे करून मिळेल.' पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थानं आत येऊन तळवा माझ्यापुढं पसरला आणि मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी फळा उतरवला. पण नाद उतरला नाही.

त्या नादाच्या तावडीत सापडली ती व्हॉल्ववाली मावशी.

मोखाड्याच्या पुढं, एस.टी. सोडून जीपनं जावं लागतं आणि जीप सोडून पायानं, अशा एका पाड्यावर ती राहते. खरं तर ते दोन पाडे आहेत, एक डोंगराच्या खांद्यावर, एक कमरेवर. वरच्या आणि खालच्याच्या मधे पाण्याची टाकी आणि टाकीखाली सिमेंटच्या खड्ड्यात एक व्हॉल्व. वरच्या पाड्याला याच टाकीतून पंपानं पाणी चढतं, आणि खालच्या पाड्याचं सगळं पाणी या एका व्हॉल्वमधून जातं. तो सकाळी उघडायचा, खाली सगळ्यांचे हंडे भरले की बंद करायचा. पाच मिनिटं उशीर झाला तर टाकी रिकामी होऊन वरचे बोंबलणार, पाच मिनिटं आधी बंद केला तर खालचे. नळाची योजना आली तेव्हापासून हे काम मावशीकडं. सरकारी कागदावर अशा माणसाला व्हॉल्वमन म्हणतात. पाड्यावर तिला व्हॉल्ववालीच म्हणतात, आणि त्यात थट्टेपेक्षा धाक जास्त असतो.

ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती दिवाळीनंतर. उजवा हात पदराखाली. समोरच्या स्टुलावर न बसता उंबऱ्यावर उकिडवी बसली.

"तूच का रं तो, नळाच्या मुठी करतो तो?"

"मीच."

"मंग माझी पन कर."

भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून घसरली होती. हात मनगटात मोडला. दवाखान्यात नीट बसवला, पण बोटं काही पुन्हा मिटली नाहीत. पंजा उघडा तो उघडाच, जणू कुणाला तरी थांब म्हणतोय. दंडात जोर होता, खांदा शाबूत होता, फक्त पकड गेली होती. आणि व्हॉल्वचं ते गोल चाक तर पकडीवाचून हलत नाही. डाव्या हातानं एकटीला ते जमेना. म्हणून सध्या ती खड्ड्याच्या काठाला बसायची आणि शेजारच्या दोघीतिघी चाक फिरवायच्या. ही सांगणार, त्या करणार.

"मग चाललंय की," मी म्हणालो.

"कसां चाललंय? पान्याच्या समितीवाले बोलतात, काम एकीचं नि हात चौघींचे, असां नाय चालायचं. शिमग्यापर्यंत बघतो म्हनले. शिमग्याच्या दिशी समदी गावात असतात, तवा सगळ्यांच्या म्होरं मी एकटीनं चाक फिरवायचं. नायतर जीपवाल्याला देतील."

जीपवाला म्हणजे खालच्या पाड्यावरचाच एक चाळिशीचा बाप्या. पहाटे मोखाड्याला पॅसेंजर घेऊन जायचा. तो बिचारा वाईट नव्हता, पण त्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. बारा सीट भरले की त्याला जगात दुसरं काही आठवत नसे. व्हॉल्व उघडून तो मोखाड्याला गेला की टाकी त्याच्या येण्याची वाट थोडीच बघणार?

"आणि दिलं त्याला, तर दिलं," मी बोलून गेलो. "मावशी, तुझंही वय झालं, आराम कर."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझ्या हातातला पाना आपोआप खाली ठेवला गेला.

"भाऊ, मी रोज सकाळी डोंगरावं बसते, आनि दोन पाडे माझ्या हाताकडं बघतात. ते चाक गेलं का मी म्हातारी झाले. समजलां? आता नाय झाले अजून."

समजलां. मी लगेच वही काढली.

इथून माझ्या अकलेची मिरवणूक निघते ती थेट शिमग्यापर्यंत.

पहिली मूठ मी पंधरा दिवसांत केली. विचार सरळ होता : पकड नाही, पण दंडात जोर आहे, तर चाकाला लांब दांडी लावू. लांब दांडी म्हणजे कमी जोर, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी दोन फुटी पाइपची दांडी केली, चाकाच्या आऱ्यांत अडकणारा आकडा केला, दुकानातल्या नव्या व्हॉल्ववर लावली आणि एका बोटानं फिरवून बायकोला दाखवली.

"बघ. एक बोट!"

"छान आहे," ती म्हणाली. "तिकडचा खड्डा केवढा आहे?"

"असेल की खड्ड्याएवढा."

खड्डा दीड फुटाचा होता. मी दांडी खांद्यावर घेऊन, जव्हारपासून एस.टी., मोखाड्यापासून जीप आणि मग डोंगर असा घाम गाळत तिथं पोचलो, दांडी आकड्यात अडकवली आणि फिरवली. ठण्ण! सिमेंटच्या भिंतीवर आपटली. उलट बाजूनं फिरवली. ठण्ण! मावशी आणि तिच्या शेजारणी काठावर बसून हा घंटानाद ऐकत होत्या.

"देवाला उठवतोस काय?" एकीनं विचारलं.

मग मी ठरवलं, लांबी कमी-जास्त होणारी दांडी हवी. एका नळीत दुसरी नळी, मधे भोकं, भोकात खिळा. खड्ड्यात घालताना आखूड, जोर लावताना लांब. ही दुसरी मूठ. तिच्यावर मी इतका खूश होतो, की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती लांब-आखूड करून दाखवत होतो. एक गिऱ्हाईक वॉशर घ्यायला आलं होतं, ते वॉशर न घेताच निघून गेलं.

पाड्यावर मावशीनं ती हातात घेतली. एका हातानं बाहेरची नळी धरायची, दुसऱ्या हातानं खिळा उपसायचा, तिसऱ्या हातानं आतली नळी सरकवायची. मी सुद्धा ते गुडघ्यात धरूनच करत होतो, हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. थोडक्यात, ज्याचे दोन्ही हात धड आहेत आणि वर एक गुडघा मोकळा आहे त्यालाच ती मूठ लहान-मोठी करता येत होती. आणि अशा माणसाला मुठीची गरजच नव्हती.

 मावशीनं मूठ माझ्या पिशवीत परत ठेवली आणि मला ताक दिलं. ते ताक मला फार लागलं.

तिसऱ्या वेळी मी शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. हाताचा साचा घ्यायचा! तिच्या त्या उघड्या पंजात नेमकी बसेल अशीच मूठ करायची. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी ती खाली येणार होती. मी जव्हारहून कणकेचा मोठा गोळा डब्यात घालून नेला. ही कणीक मी घरातून न विचारता उचलली होती, त्याचा निकाल वेगळा लागला, तो इथं सांगत नाही. बाजारात, सुक्या मासळीच्या पाट्यांशेजारी आम्ही दोघं बसलो. मी डबा उघडला. "दे हात," म्हणालो. तिनं दिला. मी कणीक दाबली, ठसा घेतला, डबा बंद केला. भोवती दहा माणसं जमली होती. "काय करतायत?" "हात मोजतायत." "कशाला?" "त्याला ठाऊक."

आठ दिवस खपून मी त्या ठशावरून सागवानी मूठ कोरली. प्रत्येक बोटाला खाच, अंगठ्याला टेकू. पॉलिश केलं. अशी देखणी वस्तू मी आयुष्यात केली नव्हती. घेऊन गेलो. मावशीनं उजव्या हातात धरून बघितली, बसेना. वळवून बघितली, बसेना. मग डाव्या हातात घेतली. अशी बसली, अशी बसली, की जणू हाताबरोबरच जन्माला आली होती.

"मावशी," मी हळूच विचारलं, "बाजारात तू मला कुठला हात दिला होतास?"

"हाच. चांगला."

"अगं, पण मूठ मोडक्या हातासाठी करायची होती ना!"

"मंग तसां सांगायचं. चार मानसांच्या म्होरं कोन मोडका हात काढील? तू दे म्हनला, मी चांगला दिला."

त्यात तिची काय चूक? दहा माणसांचा घोळका जमवून एखाद्या बाईला हात मागितला तर ती चांगलाच देणार. मी तर हातात हात घेऊन बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं नाही की अंगठा भलत्या बाजूला आहे. वीस वर्षं लेथवर डावा-उजवा आटा ओळखून काढलेला माणूस मी!

तोवर शिमगा आठ दिवसांवर आला होता. पाड्यावर होळीची लाकडं जमायला लागली होती, भिवंडी-वसईकडं कामाला गेलेली माणसं एकेक करून परत येत होती. मावशीचा चेहरा पहिल्यांदाच थोडा उतरलेला वाटला. "ऱ्हाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "तू लय केलांस. जीपवाला तर जीपवाला."

तिचं हे असं शांतपणे बोलणं मला शिव्यांपेक्षा वाईट लागलं. परतीची जीप यायला दीड तास होता. "बस घरात," ती म्हणाली. "नाचनी दळते, भाकर खाऊन जा." गिरणी मोखाड्याला आहे, घरापुरतं ती जात्यावरच काढते.

मी पडवीत भिंतीला टेकून, माझी ती देखणी मूठ मांडीवर घेऊन, सुतकी तोंडानं बसलो. आत ती पाय पसरून जात्याशी बसली आणि दळायला लागली. घरघर सुरू झाली. थोडा वेळ मी नुसताच ऐकत होतो. मग डोक्यात काहीतरी टोचलं. पकड नाही, तर ही जातं कशानं फिरवतेय?

मी उठून दारात गेलो. उजव्याच हातानं फिरवत होती. मुठीत काही नव्हतं. जात्याचा खुंटा नेहमीपेक्षा दुप्पट उंच होता, चांगला हातभर, कुदळीच्या दांड्याचा तुकडा. पलीकडं जाताना ती मनगटाच्या आतल्या बाजूनं त्याला ढकलायची, अलीकडं येताना कोपराच्या वळणात घेऊन ओढायची. बोटं बिनकामाची, वर हवेत. जोर सगळा खांद्याचा आणि कमरेचा. दगड असा फिरत होता, की थांबायचं नाव नाही.

"मावशी, हा खुंटा कुणी केला?"

"कोन करनार? मीच ठोकला. जुना आखूड होता, हात मोडल्यावं मुठीत येईना. म्हनलं, मुठीत येत नाय तर काखेत येऊ दे."

"कधी?"

"झाले की चार महिने."

चार महिने! मी पंधरा किलो लोखंड डोंगरावर वाहून आणत होतो, कणकेचे गोळे बाजारात नाचवत होतो, आणि ज्या मुठीच्या शोधात मी होतो ती इथं, माझ्या पाठीमागच्या खोलीत, रोज भाकरीपुरतं पीठ काढत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कुठं? तू तर माझ्या हातालाच बघत बसलास. मी हातानं काय करते ते बघितलं नाय."

भाकरी खाल्ली तेव्हा मी घासागणिक मान डोलवत होतो. तिला वाटलं भाकरी आवडली. तीही आवडलीच.

पुढचे आठ दिवस दुकानात मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. व्हॉल्वच्या चाकावर एक जाड पट्टी आडवी बसवली, तिला लांब खाच पाडली. त्या खाचेत उभा खुंटा, खड्ड्याच्या काठाच्याही वर येईल एवढा उंच, म्हणजे भिंतीवर ठण्ण नको. खुंटा खाचेतून आत-बाहेर सरकतो. चाक अडलं असेल तर बाहेरच्या टोकाला घ्यायचा, जोर कमी लागतो. एकदा सुटलं की आत, मधल्या बाजूला घ्यायचा, मग भराभर फेरे. सरकवायला खिळा नाही, नट नाही. खुंटा जरा उचलायचा, हवा तिथं सोडायचा, आपल्याच वजनानं तिथल्या खोबणीत बसतो. डाव्या हाताला जमेल, आणि ते मी या वेळी स्वतःचा उजवा हात पाठीमागं कमरेच्या पट्ट्याला बांधून करून बघितलं. बायको तेवढ्यात डबा घेऊन दुकानात आली. मला तसं बघून तिनं डबा ठेवला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गेली. लोकांनी बघू नये म्हणून.

होळीच्या दिवशी सकाळी मी ते सगळं घेऊन पाड्यावर हजर. सहा बोल्ट आवळून पट्टी बसवली, खुंटा लावला. पाण्याची वेळ व्हायची होती. आधी उघडून बघावं म्हटलं, तर मावशी म्हणाली, "बिनवेळेचं पानी सोडायचं नाय. खाली हंडे नसतील, वाया जाईल." आजवर वेळ मोडली नव्हती आणि परीक्षेच्या दिवशी मोडणार नव्हती. मीही म्हटलं, दुकानात शंभरदा फिरवलंय, भीती कशाची?

हळूहळू माणसं जमली. पाणी समितीचा अध्यक्ष आला, पांढरा शर्ट घालून, नात्यानं मावशीचा पुतण्या. जीपवाला आला, मला पहाटे आणून सोडल्यावर जीप आज बंद म्हणून निवांत. वरच्या पाड्याच्या बायका एका बाजूला, खालच्यांनी रिकामे हंडे नळाखाली लावून दोघींना वर पाठवलेलं, बघून ये म्हणून.

"काकी," अध्यक्ष म्हणाला, "बघ हां, जमलं नाय तर राग धरायचा नाय. तुझं वय—"

"तुझ्या बारशाला पानी मीच भरलंय," मावशी म्हणाली. "वय नको सांगू. हो बाजूला."

ती खड्ड्याच्या काठाला बसली. पाय पसरले, जात्याशी बसतात तसे. उजवं मनगट खुंट्याला लावलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. तिनं ढकललं, कोपरात घेतलं, ओढलं. पट्टी हलली, अर्धा फेरा झाला. बायका ओरडल्या. आणखी जोर. आणखी चार बोटं हललं. आणि मग घट्ट. पुन्हा जोर. हलेना.

पाइपात पाण्याचा थेंब नाही.

तिच्या कपाळावर घाम आला. मी वाकून बघितलं, पट्टी ठीक, बोल्ट ठीक. अध्यक्षानं घसा साफ केला. जीपवाल्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी आभाळाकडं. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या घरचं जातं घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं! आणि व्हॉल्व त्या दिशेनं बंद होतो! बसल्या बसल्या अंगाला सवय, हात आपोआप जात्याच्या वाटेनं गेला. आधीच बंद असलेला व्हॉल्व तिनं कोपराच्या जोरानं आणखी घट्ट बंद करून ठेवला होता.

"थांबा!" मी हात वर करून म्हणालो. "कळलं! उलट दिशेला बसलीयेस तू. मावशी, ऊठ, तू समोरच्या बाजूला बस!"

माझा आवाज इतका पक्का होता, की सगळ्यांनी लगेच वाट करून दिली. मावशी उठली, वळसा घालून खड्ड्याच्या पलीकडं गेली, पाय पसरून बसली, मनगट लावलं आणि पुन्हा आपल्या सवयीनं ढकललं. ढिम्म.

 मग मावशीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, जात्याला समोरासमोर दोघी बसतात."

"हो."

"मंग एक दळते नि दुसरी उलगडते का रं?"

वरच्या पाड्याच्या बायकांत जो हशा उसळला, तो खालच्या पाड्यानं हंड्यांपाशी ऐकला म्हणतात. अध्यक्ष हसला. जीपवाला तर खाली बसून मांडीवर थापा मारत होता. पलीकडं बसल्यानं फिरायची दिशा बदलत नाही, हे जात्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त वीस वर्षं आटे काढलेल्या मला ठाऊक नव्हतं.

"उलटं फिरवायचं, एवढंच ना?" मावशी म्हणाली. "मंग तसां सांग. मला कशाला फिरवतोस?"

ती होती तिथंच बसून राहिली. डाव्या हातानं खुंटा उचलला, सरकवून बाहेरच्या टोकाला सोडला. मी हे तिला शिकवायचं विसरलो होतो, पण तिला शिकवावं लागलं नाही. चाक अडलंय, दूर धरायचं, ते तिचं तिला कळलं. मग मनगटाऐवजी आधी कोपर लावलं, ओढीची सुरुवात उलट बाजूनं. खांदा मागं, कंबर मागं. पट्टी कुरकुरली. पुन्हा ओढलं. आणि कट्ट असा आवाज होऊन चाक सुटलं.

तिनं खुंटा आत घेतला. आता फेरे भराभर. एक, दोन, तीन. पाइप आधी गुरगुरला, मग घरघरला, मग त्यात पाणी धावायला लागलं. खालून बायकांच्या आरोळ्या आल्या. आलां, आलां! वर बघायला आलेल्या दोघी आपले हंडे आठवून खाली पळाल्या.

"झालां का?" मावशीनं अध्यक्षाला विचारलं.

"झालां काकी." त्यानं हात जोडले. "काम तुझंच. समितीच्या वहीत लिहितो. आनि हा दांडा मी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवतो, हरवायला नको."

"जात्याचा खुंटा कोन शेजाऱ्याच्या घरी ठेवतं का?"

अध्यक्षानं पुन्हा हात जोडले. जीपवाला मोठ्यानं म्हणाला, "सुटलो बाबा!" आणि कुणी विचारलं नसतानाही सांगत सुटला, की पहाटे उठून आधी डोंगर चढायचा आणि मग गाडी काढायची, या विचारानं त्याला दिवाळीपासून नीट झोप लागली नव्हती. चार महिने माणूस घाबरून होता आणि आम्ही त्यालाच घाबरत होतो.

लोक होळीच्या लाकडांकडं निघाले. मी थांबलो. मला खुंट्याची उंची थोडी जास्त वाटत होती, चार बोटं कमी करावी का, असं तिला विचारायचं होतं. पण ती ऐकण्याच्या मन:स्थितीत नव्हती. म्हणजे ऐकतच होती, पण मला नाही. डावा तळवा पाइपावर ठेवून, मान तिरपी करून ती खालच्या पाड्याचे हंडे ऐकत होती. कुठल्या घरचा भरला, कुठल्या घरचा राहिला, ते तिला त्या गडगडीवरून कसं कळतं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. काही गोष्टी विचारल्या की माझ्याकडून त्यांचं यंत्र होतं.

बराच वेळ गेला. मग तिनं तळवा उचलला आणि मनगट खुंट्याला लावलं.

"मावशी, आता बंद करताना—" मी लगबगीनं सुरुवात केली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आता दळायचं."

आणि रोजच्या सवयीनं, न बघता, कोपराच्या वळणात घेऊन तिनं पाणी बंद केलं. खुंटा उपसला, पदरानं पुसला, काखेत मारला आणि होळी कुठवर रचली ते बघायला खाली निघून गेली.